चौथीतली मुलगी इंग्लंडमध्ये कितवीत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्याहून इकडे येणारं जवळजवळ प्रत्येक कुटुंब हेच विचारतं, मुलगी चौथीत आहे, तिथे कितवीत घालतील, मार्कशीट चालेल का. वर्ग ठरवायला मार्कशीट नाही, जन्मतारीख बघतात हो. शाळा सुरू होण्याआधीच्या 31 ऑगस्टला तिला 9 पूर्ण असतील आणि 10 नसतील, तर इयर फाइव्ह. ती एक वर्ष पुढे गेली असं नाही, इथे इयर वन पाच पूर्ण झाल्यावर येतं, त्याआधी रिसेप्शन नावाचा वर्ग, म्हणून आकडा मोठा दिसतो.

माझा मुलगा 30 ऑगस्टचा. दोन दिवस उशिरा जन्मला असता तर एक वर्ष खालच्या वर्गात असता. रिसेप्शनला गेला तेव्हा जेमतेम चार पूर्ण, पेन्सिल धड धरता येईना, आणि शेजारची मुलगी महिन्याभरात पाचची होणार होती, ती आपलं नाव लिहायची. मी रात्र रात्र काळजी करायचे. एप्रिल ते ऑगस्टमधल्या मुलांना रिसेप्शन एक वर्ष उशिरा सुरू करू द्या अशी विनंती करता येते हे मला कुणी सांगितलंच नाही, म्हणून मी आता धाकटी मुलं असणाऱ्या सगळ्यांना आधी तेच सांगते.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर इयर सिक्सनंतर सेकंडरीसाठी शाळा बदलते. अर्ज 31 ऑक्टोबरपर्यंत, निकाल मार्चच्या सुरुवातीला, आणि बऱ्याच शाळांत घर किती जवळ यावरच जागा मिळते, त्यामुळे घर भाड्याने घेण्याआधी शाळा बघा. केंट किंवा बकिंगहॅमशायरला येणार असाल तर तिथल्या ग्रामर स्कूल, म्हणजे परीक्षा घेऊन मुलं निवडणाऱ्या सेकंडरी शाळा, सरकारी आहेत, फी नाही, पण इलेव्हन प्लस ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि तिची नोंदणी इयर फाइव्ह संपायच्या आतच सुरू होते, म्हणजे तुमच्याकडे वर्षसुद्धा नाही.

खरी कसोटी मला विचाराल तर सोळाव्या वर्षी. जीसीएसईला, म्हणजे आपल्या दहावीसारख्या परीक्षेला, आठ-नऊ विषय, ग्रेड 9 ते 1, त्यात 9 सगळ्यात वरची. मग ए लेव्हलला, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीसारखं, बहुतेक मुलं तीनच विषय घेतात, कुठलेही. माझ्या मुलाने मॅथ्स, केमिस्ट्री आणि हिस्ट्री घेतलं. सासूबाईंनी फोनवर विचारलं, सायन्स घेतलंय की आर्ट्स, आणि मला उत्तरच देता येईना. फिजिक्स सुटलं तशी बऱ्याच इंजिनियरिंग कोर्सेसची वाट बंद झाली. त्याला ते माहीत होतं, मी दोनदा विचारलं, तो म्हणाला हिस्ट्री सोडणार नाही.