सव्वाअकरा महिन्यांचा पगार

लष्करातून सुभेदार क्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर गेली काही वर्षे मी सातारा जिल्ह्यातील माजी सैनिकांची पेन्शनची प्रकरणे पाहतो. बहुतेक दिवस हयातीचे दाखले, पीपीओवरील (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरील) नावाच्या चुका आणि ‘स्पर्श’ या संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीत अडकलेले अर्ज यांतच जातात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेले एक प्रकरण मात्र अजून मनातून जात नाही.

कोरेगावकडचे एक शेतकरी आपल्या तिशी ओलांडलेल्या मुलाला घेऊन आले होते. मुलगा ७ वर्षे ४ महिने शिपाई होता आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये फिट येण्याच्या आजारामुळे ‘बोर्ड आऊट’ झाला होता, म्हणजे मेडिकल बोर्डाने अपात्र ठरवल्यामुळे त्याला सेवेतून काढले होते. ते आले होते वेगळ्याच कामासाठी, एका दाखल्यावर सही हवी होती म्हणून. पेन्शनचे मी सहज विचारले, तेव्हा वडील म्हणाले, “पैसं तर तवाच मिळालं की साहेब. आता सरकारकडं आणखी काय मागायचं?”

मिळालेल्या पैशांचा हिशेब मी त्यांच्यासमोर मांडला. वरचे महिने तीन किंवा अधिक असले, तर त्यांचे पूर्ण अर्धवर्ष धरतात. म्हणजे मुलाची पंधरा अर्धवर्षे भरली. प्रत्येक अर्धवर्षाला अर्ध्या महिन्याच्या वेतनाप्रमाणे सेवेची ग्रॅच्युइटी, म्हणजे एकदाच मिळणारी रक्कम, साडेसात महिन्यांची होते, आणि पाव महिन्याप्रमाणे निवृत्तीची ग्रॅच्युइटी पावणेचार महिन्यांची. एकूण सव्वाअकरा महिन्यांचा पगार. हिशेब अचूक होता, एका रुपयाची चूक नव्हती. आणि म्हणूनच सात वर्षे कोणाला शंका आली नाही.

वडिलांनी पेटीतून कागद काढले. जवानांच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसच्या पत्राचे पहिले पान त्यांनी लॅमिनेट करून घेतले होते. मुलाच्या फौजेतल्या नोकरीची घरात राहिलेली तेवढीच खूण होती. दुसरे पान घडी घालून रेशनकार्डात ठेवले होते. पहिल्या पानावर मेडिकल बोर्डाचे मत होते, की आजार लष्करी सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही, अपंगत्व २० टक्के. दुसऱ्या पानावर इंग्रजीत चार ओळी होत्या, की हा निर्णय मान्य नसल्यास सहा महिन्यांच्या आत अपील करता येईल. त्या चार ओळी मी ताबडतोब ओळखल्या, कारण नोकरीत असताना अशी पत्रे मी स्वतः टाइप केली आहेत आणि त्या ओळी ज्याच्या घरी जाणार त्याला वाचता येतील का, असा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

या प्रकरणातील खरी अडचण बोर्डाच्या त्या एका वाक्यात आहे. भरतीच्या वेळी केलेल्या तपासणीत या मुलाच्या कागदावर कोणत्याही आजाराची नोंद नाही. अपंगत्व पेन्शनच्या पात्रतेचे १९८२ चे नियम सांगत होते, की अशी नोंद नसेल तर पुढे उद्भवलेला आजार सेवेतच झाला असे मानावे. तसे नाही म्हणायचे असेल तर डॉक्टरांनी कारण लिहावे, आणि सिद्ध करण्याचा भार जवानावर नसावा. धर्मवीर सिंह या जवानाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये त्या नियमांचा हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्यांचाही आजार फिटचाच होता आणि अपंगत्वही २० टक्केच. या मुलाच्या वेळी २००८ चे नियम लागू होते. त्यांत ते गृहीतक तसे उरले नव्हते, पण सिद्ध करण्याचा भार त्यांतही सहसा जवानावर नव्हता. धर्मवीर सिंह यांच्या निकालानंतर चार वर्षांनी भरलेल्या या मुलाच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात ‘शरीरप्रकृतीचा आजार’ एवढेच लिहिलेले आहे. हे कारण नव्हे, हा शिक्का आहे. आणि माणसाचे आयुष्य ठरवणारा रकाना इतक्या सहज भरणाऱ्या डॉक्टरांना मी निर्दोष मानू शकत नाही.

आजार सेवेतला ठरला असता, तर मुलाला शेवटच्या वेतनाच्या निम्मा सेवा-घटक, म्हणजे पेन्शनचा सेवेबद्दलचा भाग, मिळाला असता. शिवाय ३१ जानेवारी २००१ च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्राप्रमाणे बोर्ड आऊट झाल्यामुळे त्याचे २० टक्के अपंगत्व ५० टक्के धरले गेले असते, आणि त्याबद्दल वेतनाच्या १५ टक्के मिळाले असते. म्हणजे एकीकडे सव्वाअकरा महिन्यांचा पगार एकदाच, आणि दुसरीकडे दरमहा पगाराचे ६५ टक्के, तेही जन्मभर.

मुलगा तोवर एक शब्दही बोलला नव्हता. तो म्हणाला, “साहेब, पहिली फिट मला रात्री संत्री ड्यूटीवर, पहाऱ्यावर असताना आली होती. बोर्डात सांगितलं होतं मी.” फॉर्मवर त्या रात्रीची तारीख आहे, ठिकाणही आहे. ड्यूटीचा उल्लेख नाही.

विलंब माफ करण्याच्या विनंतीसह अपील आम्ही त्याच आठवड्यात रजिस्टर पोस्टाने पाठवले. नकार आल्यास सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे जावे लागेल, आणि तेथे मला आशा वाटते. परंतु इतक्या उशिरा मागितलेल्या पेन्शनची थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल करण्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मंजूर होते. निकाल बाजूने लागला तरी २०१७ ते २०२१ या चार वर्षांचे पैसे बहुधा परत येणार नाहीत. त्यांची बेरीज मी वहीत पेन्सिलीने करून ठेवली आहे. वडील दर महिन्याला फोन करून “काय कळलं का, साहेब?” असे विचारतात, आणि तो आकडा मी त्यांना अजून सांगितलेला नाही.