एकाच नंबरच्या दोन पावत्या

मागच्या कापसाच्या सीझनची गोष्ट. मी पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये कॉम्प्युटरचं काम पाहतो, म्हणजे काट्याचं सॉफ्टवेअर, प्रिंटर, नेट, आणि मालकाच्या पोराचा मोबाईल हँग झाला तर तोही. दिवाळी झाली की गेटबाहेर ट्रॅक्टरची लाइन लागते, मग जेवणाचा डबा संध्याकाळीच उघडतो.

त्या दिवशी दुपारी एक काका ऑफिसात आले, हातात दोन पावत्या. एक आमची अन् एक रस्त्यातल्या धर्मकाट्याची, कारण ते घरून निघाले की आधी तिथं वजन करूनच येतात. धर्मकाट्यावर भरलेली गाडी 69 क्विंटल 45 किलो, आमच्या पावतीवर 64.20. "पाच किलो इकडं तिकडं चालते बाप्पा, पाच क्विंटल कुठी गेले माहे?" काटेवाला शपथा खाऊन सांगे की काट्याच्या आकडे दाखवणाऱ्या डब्ब्यावर 69.40 चा आकडा त्यानं स्वतः पाहिला होता. मग पावतीवर दुसरा कसा आला? सात हजाराचा भाव धरला तरी 36,400 रुपये होतात, आणि बाहेर लाइनीत तर बोंब झालीच होती की जिनिंगवाल्यानं काटा मारला.

मी फाइल उघडली तर टोकन नंबर 217 दोनदा. वेळही एकच, 10 वाजून 42 मिनिटं. तेव्हा लक्षात आलं.

आमच्याकडं दोन काटे आहेत, एक भरलेल्या गाड्यांसाठी अन् दुसरा रिकाम्यांसाठी. पण गर्दी होती म्हणून सकाळी दोन्हीवर भरलेल्याच गाड्या घेऊन राहिले होते. दोन्ही काट्यांवर वेगवेगळे कॉम्प्युटर, आणि टोकनचा शेवटचा नंबर ऑफिसातल्या लिनक्स मशीनवर एका शेअर केलेल्या फाइलीत. प्रोग्राम काय करतो, तर नंबर वाचतो, एक मिळवतो, पावती छापतो, नवीन नंबर परत लिहितो. दोघांनी एकाच क्षणाला 216 वाचला तर दोघंही 217 देणारच ना. गाडी रिकामी होऊन परत आली की प्रोग्राम 217 शोधतो आणि पहिली सापडलेली ओळ उचलतो. म्हणून काकांच्या गाडीला दुसऱ्याच्या गाडीचं भरलेलं वजन चिकटलं. तीन वर्षं हा प्रोग्राम चालू होता आणि लिहिला होता मीच, त्यामुळं कोणाच्या नावानं ओरडायचीही सोय नव्हती.

काटेवाल्याला समजावून सांगितलं तर तो हसला, "एका काट्यावर दोन ट्रॅक्टर चढवतं का बे कोणी?" काट्यावर नाही चढवत, पण फाइलीला कोण अडवते? लिनक्समध्ये नेहमीचं फाइल लॉक, म्हणजे एकाचं काम होईपर्यंत दुसऱ्याला थांबवायची सोय, हे सल्ल्यासारखं असते, अ‍ॅडव्हायझरी. ज्या प्रोग्रामनं लॉक मागितलंच नाही तो खुशाल आत जाऊन लिहितो, त्याला कोणी विचारत नाही.

काकांची पावती हातानं दुरुस्त करून दिली अन् रात्री मी बसलो. प्रोग्राममध्ये एफलॉक टाकलं, म्हणजे तेच लॉक मागायची लिनक्सची सोय. टेस्ट अशी, की दोन्ही मशीनवरून हजार हजार वेळा एक मिळवायचा, उत्तर 2000 यायला पाहिजे. आलं अकराशेच्या आसपास. डोकं खाजवल्यावर दिसलं की लॉक मी फक्त लिहितानाच लावलं होतं, वाचणं बाहेरच राहिलं होतं, म्हणजे जुनाच आकडा घेऊन रांगेत उभं राहायचं. वाचायच्या आधीपासून लिहून होईपर्यंत लॉक पाहिजे. ते केलं, तरी तेराशे. आता मात्र घाम फुटला राजेहो. मग एकाच मशीनवर दोन कॉपी चालवल्या तर बरोब्बर 2000! दोन मशीनवरून केलं की परत गडबड.

रात्री दीडच्या सुमाराला सापडलं. फाइल शेअर होती एनएफएसच्या (दुसऱ्या मशीनवरच्या फाइली नेटवर्कवरून वापरायची पद्धत) व्हर्जन 3 वर. त्यात लॉकचं काम एक वेगळीच सर्व्हिस पाहते (4 मध्ये ते प्रोटोकॉलच्या आतच घेतलं आहे). दोन वर्षांआधी ती सर्व्हिस चालू होत नव्हती अन् माउंट, म्हणजे ते शेअर काट्याच्या कॉम्प्युटरला जोडणं, अडकत होतं, म्हणून मी नेटवरून एक ओळ कॉपी मारली होती, तिच्यात 'नोलॉक' हा ऑप्शन होता. त्यानं लॉक मिळते, एरर येत नाही, पण ते फक्त त्या मशीनपुरतं. दुसऱ्या मशीनला त्याचा पत्ताच नसते. म्हणजे दोन्ही काट्यांना एकाच वेळी वाटून राहिलं होतं की लॉक आपल्याकडंच आहे. एरर आला असता तर मी दहा मिनिटांत पकडलं असतं. नोलॉक काढलं, सर्व्हिस चालू केली, 2000 आलं. पाचदा करून पाहिलं, पाचही वेळा 2000.

पुण्यातल्या मित्रानं फोनवर एसक्यूलाइट, म्हणजे एका फाइलीत बसणारा छोटा डेटाबेस, टाक म्हटलं, पण नेटवर्कवरच्या फाइलीत तेही याच लॉकच्या भरवशावर असते आणि त्याचा वॉल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिणारा) तर नेटवर्कवर चालतच नाही. कॉलेजात एमपीआय, म्हणजे अनेक प्रोसेसनं (चालू प्रोग्रामनं) मिळून एकच काम करायची पद्धत, शिकलो होतो तेही आठवलं, 1997 च्या एमपीआय-2 मध्ये फाइलीचा भाग आला, त्यातही अ‍ॅटॉमिक मोड (एकाच्या लिहिण्यात दुसऱ्याचं मिसळू न देणारा) मुळात बंदच असतो, पाहिजे असेल तर आपण चालू करायचा. कारण लॉकनं सगळं हळू होते, त्यापेक्षा प्रत्येक प्रोसेसनं फाइलीतल्या आपापल्या तुकड्यातच लिहावं. हे मला परीक्षेत पाठ होतं. काट्यावर नाही सुचलं.

सुचलं ते दिवाणजीला. सत्तरीचा माणूस, कॉम्प्युटरला हातही लावत नाही. सकाळी चहा घेता घेता माझं रात्रीचं सगळं ऐकलं अन् म्हणे, "आमच्या टायमाले दोन काट्याइची दोन पावतीबुकं राहत, एक लाल, एक पिवळं. एकाच बुकात दोघं कायले लिहितीन?"

दुपारी गाड्या थांबल्या तेव्हा बदल केला. पहिल्या काट्याची फाइल वेगळी, टोकन 'अ' पासून, दुसऱ्याची 'ब' पासून. रिकामी गाडी कुठंही मोजली तरी तिची ओळ ज्या काट्यानं टोकन दिलं त्याच्याच फाइलीत शोधायची. रिकामं वजन मात्र कोणत्याही काट्यावरून लिहिलं जाते, तेवढ्यासाठी लॉक ठेवलंच. पिवळा पेपर रोल काही मिळाला नाही, दोन्ही पावत्या पांढऱ्याच निघतात.

काका पुढच्या आठवड्यात परत आले होते. धर्मकाट्याची पावती खिशात होतीच.