तुरुंगातला उजेड

लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला लेकीने आम्हाला तुरुंगात पाठवलं. बोस्टनचा जुना चार्ल्स स्ट्रीट जेल. आता त्याचं हॉटेल झालंय आणि नाव ठेवलंय लिबर्टी. "बाबा, जन्मभर वायरिंग केलंत ना, तिथले दिवे बघून या," एवढंच म्हणाली. हिने मात्र पुण्याला चार फोन करून घेतले. "अहो, हे आत चाललेत. सोबत मीही!"

लेक राहते बोस्टनजवळच्या क्विन्सीला. तिथून रेड लाइनची मेट्रो पकडली की पार्क स्ट्रीटनंतर गाडी बोगद्यातून वर येते आणि चार्ल्स-एमजीएच स्टेशन लागतं. उतरलं की समोरच ती करडी दगडी इमारत. तो दगडही क्विन्सीच्याच खाणींचा. म्हणजे दगड आणि आम्ही एकाच गावाहून आलेलो, फक्त तो पावणेदोनशे वर्षं आधी.

मुद्दाम तीनला पोचलो. डिसेंबरात बोस्टनला सव्वाचारच्या सुमाराला सूर्य मावळतो. मला उन्हातली इमारत आणि दिव्यातली इमारत एकाच बैठकीत बघायची होती. ही बॅग घेऊन खोलीत गेली, मी लॉबीत एक खुर्ची धरली.

तुरुंग म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोंदट अंधार येतो. इथे उलटं. 1851 साली हा उघडला तेव्हा त्याची ख्याती उजेडासाठी होती. वास्तुविशारद ग्रिडली ब्रायंट, आणि सल्ला देणारा लुई ड्वाइट नावाचा पाद्री. कैद्याला हवा-उजेड मिळाला तर माणूस सुधारेल, अशी त्या काळच्या सुधारकांची श्रद्धा. म्हणून मध्ये अष्टकोनी दिवाणखाना, नव्वद फूट उंच, आणि त्यातून चार दिशांना इमारतीचे चार पंख. भिंतींना सुमारे तीस फूट उंचीच्या कमानदार खिडक्या. कोठड्या बाहेरच्या भिंतीला लागून नाहीत, आत मधोमध रचलेल्या. समोर सज्जे आणि सज्ज्यांपलीकडे त्या खिडक्या. कैद्याला उजेड मिळायचा, पण गजांतून गाळून.

पुढे व्हायचं तेच झालं. आठ बाय दहा फुटांच्या 220 कोठड्या, आणि माणसं वाढतच गेली. 1973 मध्ये कैद्यांच्या दाव्यावर फेडरल न्यायालयाने इथली परिस्थिती राज्यघटनेच्या विरुद्ध ठरवली. न्यायाधीश गॅरिटींनी त्याआधी स्वतः एक रात्र इथे काढली होती. (भाडं न देता राहिलेला बहुधा शेवटचा पाहुणा.) तरी कैदी हलायला 1990 उजाडलं, आणि हॉटेल सुरू झालं 2007 मध्ये. याच तुरुंगात जेम्स कर्ली नावाचे पुढारी 1904 साली होते. टपाल खात्याची परीक्षा दुसऱ्याच्या नावाने दिली म्हणून शिक्षा झाली आणि आत असतानाच ते निवडणूक जिंकले. पुढे शहराचे महापौरही झाले. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

साडेतीनला खिडकीतून आलेलं ऊन समोरच्या उघड्या विटांवर तिरकं पडलं होतं. बाहेर दगड असला तरी आत भिंत विटांची आहे, गिलावा नाही. तिरक्या उन्हात विटेची प्रत्येक धार वर येते, खालच्या सांध्यात सावली बसते. मग ते ऊन वर सरकत गेलं, लाल झालं आणि विझलं. चारच्या सुमाराला भिंत राखेसारखी सपाट झाली. आणि कोणीतरी बटण दाबलंय असं न वाटता दिवे चढत गेले. डिमर म्हणतात तो हा. एका झटक्यात उजेड पडत नाही, दूध तापावं तसा तो हळूहळू वर येतो.

वरून मोठी गोल झुंबरं लोंबतात. लोक फोटो त्यांचेच काढतात. पण झुंबर म्हणजे लग्नातला नवरदेव. सगळं काम मांडवामागची माणसं करतात. मी भिंती बघत होतो. दिवा भिंतीला अगदी खेटून ठेवला आणि उजेड वर घासत नेला, तर दुपारच्या उन्हासारख्याच विटेच्या धारा उठतात. तोच दिवा सहा फूट लांब नेला की भिंत पासपोर्टच्या फोटोसारखी सपाट. वायर न्यायची कुठून, हा दुसरा प्रश्न. आपल्याकडे इलेक्ट्रिशियन आला की आधी भिंतीत झिरी मारतो. जुन्या विटेत झिरी मारली की ती वीट गेली, परत मिळत नाही. अशा ठिकाणी सज्जे, कठडे, कोनाडे यांच्या आडून वाट काढावी लागते. दिवा दिसता कामा नये, उजेड दिसला पाहिजे.

इथे मला माझं पाप आठवलं. दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्याच जिल्ह्यातल्या एका वाड्याचं हॉटेल झालं, त्याचं काम मी घेतलं होतं. मालक म्हणाले, "साहेब, लख्ख पाहिजे." मी लख्ख करून दिलं. चौकात 6500 केल्व्हिनचे पांढरे पॅनल (केल्व्हिन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा मोठा तेवढा उजेड निळसर), सागवानी तुळयांवर निळसर उजेड, देवळ्यांत एलईडीच्या पट्ट्या. पणतीसाठी केलेल्या देवळीत पट्टी! रात्री तो वाडा दवाखान्यासारखा दिसायचा. मला तेव्हाही कळत होतं. 2700 केल्व्हिनचे पिवळसर दिवे लावले असते तर सागवान सागवानासारखं दिसलं असतं, आणि जिन्याखालचा कोपरा काळोखातच ठेवला असता तर चौक दुप्पट मोठा वाटला असता. पण बिल निघालं होतं.

रात्री जेवायला 'क्लिंक'मध्ये गेलो. क्लिंक म्हणजे बोलीभाषेत तुरुंगच. तिथे जुन्या कोठड्यांचे अवशेष तसेच ठेवलेत. मी चष्मा खोलीत विसरलो होतो, त्यामुळे मेनू हिने वाचला. तेवढ्यात माझा हात टेबलाखाली चाचपायला गेला, दिवा कसा बसवलाय म्हणून.

"चाळीस वर्षं झाली," ही म्हणाली, "अजून जेवताना होल्डर बघताय."

मध्यरात्री मी एकटाच खाली आलो. लॉबी जवळजवळ रिकामी. वरचे सज्जे अंधारात बुडालेले, फक्त कठड्यांच्या रेघा उरल्या होत्या. ज्या उंच खिडक्यांनी दिवसभर उजेड दिला, त्या आता काळ्या पडून आतल्या झुंबराचंच प्रतिबिंब दाखवत होत्या. ते सज्जे दिव्यांनी उजळले असते, तर तिथे पहारेकरी चालत असत हे मला सुचलंही नसतं.

सकाळी वाड्याच्या मालकांना फोटो पाठवला आणि लिहिलं, पट्ट्या आणि पॅनल काढून टाकू, मजुरी घेणार नाही. दहा मिनिटांत उत्तर आलं: "दिव्यांचे पैसे कोण देणार?"