जुन्या रेवाची दुरुस्ती : बॅटऱ्यांचा टप्पा पूर्ण

आमच्या रेवाच्या, म्हणजे विजेवर चालणाऱ्या छोट्या भारतीय मोटारीच्या, बॅटऱ्यांचे काम या टप्प्यात मार्गी लागले. पुढच्या आसनांखाली सहा व्होल्टच्या आठ लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये (एकीला पुढची अशा साखळीने) जोडलेल्या असून त्या मिळून ४८ व्होल्ट देतात. टर्मिनलांवर साचलेली पांढरट हिरवी पूड खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुऊन काढली, सावकाश पूर्ण चार्जिंग केले, डिस्टिल्ड वॉटरची पातळी नीट केली आणि रात्रभर गाडी तशीच ठेवून सकाळी मल्टिमीटर लावला. भार नसताना, म्हणजे बॅटऱ्यांतून वीज खेचली जात नसताना, आठही बॅटऱ्या ६.३ व्होल्टच्या आसपास होत्या. भार देताच मात्र त्यांतली एक झपाट्याने खाली आली आणि हायड्रोमीटरने (बॅटरीतल्या आम्लाची घनता मोजणाऱ्या उपकरणाने) तिचा मधला सेल कमजोर असल्याचे दाखवले. सर्वांमधून एकच प्रवाह वाहत असल्यामुळे जी बॅटरी आधी संपते तीच गाडीचा पल्ला ठरवते. तिच्या जागी कोरी करकरीत बॅटरी न घालता साधारण तेवढ्याच वापरातली, त्याच क्षमतेची बॅटरी बसवली, कारण जुन्या संचात एकच नवी घातली तर संचाचा समतोल साधत नाही.

हे काम करताना या गाडीच्या रचनेविषयीचा आदर वाढला. रेवाचे जनक चेतन मैनी यांनी अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात शिकत असताना सौर मोटारीच्या प्रकल्पात काम केले होते, आणि कमी ऊर्जेत जास्त अंतर कापण्याचा तोच विचार इथे जागोजागी दिसतो. मैनी समूह आणि कॅलिफोर्नियातील अमेरिगॉन ही कंपनी यांनी १९९४ मध्ये बंगळुरूला भागीदारीत रेवा बनवणारी कंपनी स्थापन केली. गाडी बाजारात यायला २००१ उजाडले. वजन शिशाच्या बॅटऱ्यांनीच खाल्ल्यामुळे बाकी सर्व हलके ठेवणे भाग होते : पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर रंग मुळातच मिसळलेले एबीएस प्लॅस्टिकचे पत्रे, मागे दोन लहान मुलांपुरती जागा आणि एका चार्जमध्ये सुमारे ८० किलोमीटरचा पल्ला. पुण्यामुंबईच्या रोजच्या धावपळीला एवढा पल्ला पुरेसा होता, असे माझे ठाम मत आहे.

लंडनमध्ये ही गाडी जी-विझ या नावाने विकली गेली आणि २००३ मध्ये तिथे सुरू झालेल्या गर्दी-शुल्कातून (शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यासाठीच्या आकारातून) विजेच्या गाड्यांना सूट असल्यामुळे तिला हक्काचे ग्राहक मिळाले. युरोपच्या नियमांत ती मोटार नसून क्वाड्रिसायकल, म्हणजे मोटारीपेक्षा सैल सुरक्षा-नियम लागू असलेले हलके चारचाकी वाहन होती, त्यामुळे तिच्या सुरक्षिततेवर झालेली टीका अनाठायी नव्हती. २००८ च्या सुधारित गाडीत एसी मोटर आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आले. २०१० मध्ये मुंबईच्या महिंद्रा समूहाने कंपनीतील बहुसंख्य भाग विकत घेतला आणि २०१३ मध्ये त्याच परंपरेतली ई२ओ ही विजेची मोटार आली.

आमची गाडी आधीच्या डीसी मोटरची आहे. पुढील टप्प्यात मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन ब्रश आणि ते ज्यावर घासतात त्या कम्युटेटरची झीज तपासणार असून, ज्यांनी हे काम केले आहे त्यांनी ब्रश कुठून मिळवले ते अवश्य कळवावे.