तुम्ही विचारलंत म्हणून : तुमचा विषय नक्की कोणता?

पदवी भूगोलाची, डॉक्टरेट मार्केटिंगमधली आणि सध्याचा मुक्काम टचस्क्रीन, व्हीआर हेडसेट आणि वायरींच्या गुंत्यात. त्यामुळे प्रश्न ठरलेला, "मॅडम, तुमचा विषय नक्की कोणता?" विद्यार्थी कुतूहलाने विचारतात. सहकारी हसत विचारतात, आणि उत्तर त्यांनी आधीच ठरवलेलं असतं. निवड समिती विचारते तेव्हा तिच्या हातात पेन असतं. एका ज्येष्ठांनी तर विचारण्याची तसदीही घेतली नाही. "एक ना धड, भाराभर चिंध्या" असं तोंडावर सांगून मोकळे झाले. त्यांचा मला त्यातल्या त्यात कमी राग आहे.

इतकी वर्षं मी एका वाक्यात सुटका करून घेत आले : "माणसं अंतराचं काय करतात, हा माझा विषय." समोरचा मान डोलावतो आणि दुसरं काहीतरी बोलायला लागतो. त्या वाक्याचा तेवढाच उपयोग. आज जरा सविस्तर सांगते.

आधी भांडून घेते. मी कुंपणं ओलांडली म्हणणाऱ्यांनी ती कुंपणं कधी घातली गेली तेही बघावं. विल्यम रायली यांनी 1931 मध्ये किरकोळ व्यापाराचा 'गुरुत्वाकर्षणाचा नियम' मांडला. दोन शहरं मधल्या गावातलं गिऱ्हाईक स्वतःकडे ओढतात ती लोकसंख्येच्या समप्रमाणात आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात. हा नियम मार्केटिंगचा की भूगोलाचा? वॉल्टर क्रिस्टालर यांनी 1933 मध्ये दक्षिण जर्मनीतली लहानमोठी गावं कुठे आणि का वसली याचा सिद्धांत दिला. आम्ही तो भूगोलात घोकला, पण तो उभा आहे तो कोणती वस्तू घ्यायला माणूस किती लांब जाईल या प्रश्नावर. विल्यम ॲपलबॉम भूगोलाचे. 1930 च्या दशकात ते क्रोगर या किराणा साखळीत दुकानांच्या जागांचा अभ्यास करू लागले आणि पुढे हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमध्ये शिकवायला गेले. त्याच हार्वर्डने 1948 मध्ये आपला भूगोल विभाग बंद करायचा निर्णय घेतला होता. समोरच्या दाराला कुलूप, आणि भूगोल मागच्या दाराने आत!

आणखी एक जोडी मला नेहमी खुपते. नवी गोष्ट लोकांमध्ये कशी पसरते यावर टॉर्स्टन हेगरस्ट्रँड यांनी 1953 मध्ये स्वीडनमध्ये काम केलं. त्यांनी ती नकाशावर पसरताना पाहिली. फ्रँक बास यांनी 1969 मध्ये तोच प्रश्न काळाच्या अक्षावर सोडवला, आणि त्यांचं समीकरण मार्केटिंगच्या वर्गात आजही शिकवतात. मी दोन्ही वर्गांत बसले. एकाही वर्गात दुसऱ्याचं नाव निघालं नाही.

इथपर्यंतचं सगळं खरं आहे, आणि यातलं काहीही मी भूगोल सोडला तेव्हा मला ठाऊक नव्हतं. ही वंशावळ मी नंतर जमवली, मुलाखतींसाठी. तेव्हाचं कारण साधं होतं. भूगोल विभागात जागा नव्हती. मार्केटिंगच्या एका प्रकल्पात शिष्यवृत्ती होती आणि तिथल्या सरांना नकाशे काढणारं कुणीतरी हवं होतं. मला विचारवंत म्हणून कुणी बोलावलं नाही, ड्राफ्ट्समन म्हणून घेतलं. अर्जात मात्र मी 'ग्राहकाच्या स्थानिक वर्तनाविषयीची दीर्घकालीन ओढ' वगैरे लिहिलं होतं. आज तो परिच्छेद वाचला की हसू येतं. पण तेव्हाची मी समोर असती तर भांडली असती, "ओढ होतीच की! माणसं जवळचं दुकान सोडून लांबच्या दुकानात का जातात, हे तू पदवीच्या प्रकल्पात नाही का विचारलंस?" विचारलं होतं. मार्गदर्शकांनी सुचवलेल्या पाच विषयांपैकी तो सगळ्यात सोपा दिसला म्हणून. आमच्या दोघींत हा वाद मिटलेला नाही.

मार्केटिंगमध्ये गेल्यावर भूगोल किती अंगात मुरलाय ते कळलं. तिथे लोक नकाशावर दुकानाभोवती कंपासने वर्तुळ काढत आणि म्हणत, "हे आपलं क्षेत्र." मधे नदी आहे, पूल दूर आहे, रेल्वेच्या रुळांपलीकडून कुणी येत नाही, याचा पत्ताच नाही. एकाच आकडेवारीवर सीमा वेगळ्या आखल्या की चित्र वेगळं दिसतं, हे भूगोलात फार आधी शिकवतात. स्टॅन ओपनशॉ यांनी तर त्यावर आयुष्यातली बरीच वर्षं घालवली. मी हे बैठकीत सांगितलं की लोक नम्रपणे ऐकून घेत आणि वर्तुळ जरा मोठं काढत.

आता ज्या प्रसंगामुळे मी तिसऱ्या विषयात, म्हणजे या टचस्क्रीनच्या दुनियेत शिरले, तो सांगते. 'फॅशन आली म्हणून गेलात' हा आरोप याच टप्प्यावर होतो.

किरकोळ विक्रीच्या एका साखळीला नवं दुकान काढायचं होतं. दोन जागा हेरल्या होत्या : एक वस्तीबाहेर, ऐसपैस, दुसरी वस्तीत, लहान. आमच्याकडे काम होतं कुठल्या जागेकडे किती गिऱ्हाईक येईल याचा अंदाज बांधायचं. मॉडेल डेव्हिड हफ यांचं, 1960 च्या दशकातलं, पण अजून भक्कम. त्याची गंमत एका उदाहरणात कळते. एक दुकान 4,000 चौरस मीटरचं, 20 मिनिटांवर. दुसरं 1,000 चौरस मीटरचं, 10 मिनिटांवर. प्रत्येकाची ओढ म्हणजे क्षेत्रफळ भागिले प्रवासाचा वेळ, आणि त्या वेळेवर एक घातांक. गिऱ्हाईक या ओढीच्या प्रमाणात वाटलं जातं. घातांक 2 घेतला तर दोन्हींची ओढ 10 येते, गिऱ्हाईक निम्मं-निम्मं. घातांक 1 केला की लांबच्या मोठ्या दुकानाकडे दोन-तृतीयांश जातात. 3 केला की चित्र पार उलटं, दोन-तृतीयांश जवळच्याकडे. दुकानं तीच, रस्ते तेच, माणसं तीच. बदलला फक्त घातांक, म्हणजे लोकांना अंतराचा किती कंटाळा आहे याचं माप. तो मनाने ठरवायचा नसतो. वस्तूगणिक तो बदलतो. फर्निचरसाठी लोक कपड्यांपेक्षा जास्त लांब जातात. आम्ही तो त्यांच्याच गिऱ्हाइकांच्या सर्वेक्षणातून काढला होता.

पहिल्या बैठकीत मी तक्ता ठेवला. त्यांनी आकडा न् आकडा सोलून काढला. नमुना किती? सुट्टीचे दिवस धरलेत का? गाडी नसलेल्यांचं काय? मी दमले, पण प्रश्न अगदी रास्त होते. दुसऱ्या बैठकीसाठी आम्ही तेच मॉडेल टचस्क्रीनच्या टेबलावर घातलं. कोड संगणक विभागातल्या सहकाऱ्याने लिहिला होता, कल्पना माझी होती आणि मला तिचा अभिमान होता. घातांकासाठी खाली एक स्लायडर. बोट सरकवलं की बाहेरच्या जागेचा नारिंगी आणि वस्तीतल्या जागेचा निळा रंग नकाशावर पुढे-मागे सरकायचा.

विस्ताराचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यांच्या मनात बाहेरची जागा होती, हे सगळ्यांना माहीत होतं. सर्वेक्षणाच्या घातांकावर नकाशा जवळजवळ निम्मा-निम्मा दिसत होता. त्यांनी स्लायडरवर बोट ठेवलं आणि डावीकडे ओढलं. नारिंगी रंग नदी ओलांडून उपनगरात शिरला. थोडं उजवीकडे आणलं, रंग मागे हटला. पुन्हा डावीकडे, आणि एका जागी थांबले. "हां. हे बरोबर वाटतंय. आपलं गिऱ्हाईक असंच आहे."

टेबलाभोवतीची माणसं पुढे वाकली होती. नमुन्याबद्दल ब्र नाही. सुट्टीच्या दिवसांबद्दल नाही. मी म्हटलं, "सर, तो आकडा सर्वेक्षणातून आलाय. तुम्ही नेलाय तिथे याचा अर्थ असा होतो की दुप्पट वेळ गेला तरी लोकांना फारसं काही वाटत नाही."

ते माझ्याकडे बघून समजूत घातल्यासारखं म्हणाले, "पण मॅडम, नकाशाच दाखवतोय ना."

स्क्रीनशॉट निघाला. तो अहवालात गेला, खाली आमच्या विभागाचं नाव. बाहेरची जागा पक्की झाली.

"मग दुकान चाललं का?" हा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. चाललं, बरं चाललं. त्यावरून काहीच सिद्ध होत नाही, कारण वस्तीतलं दुकान कधी निघालंच नाही.

मला राग आला नव्हता, ही अडचण होती. ते खोटं बोलले असते तर सोपं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, शोध लागल्याचा आनंद होता. तक्ता माझा होता म्हणून त्यांनी त्यावर शंका घेतली. नकाशा त्यांच्या बोटाने हलला होता, त्यामुळे तो त्यांचा झाला. नकाशा काढणारा बघणाऱ्याला कसा फसवतो, यावर भूगोलात भरपूर लिहिलंय. इथे बघणाऱ्यानेच नकाशा घडवला आणि तोच त्यावर विश्वासून बसला. याला भूगोलात माझ्याकडे उत्तर नव्हतं.

अर्धं उत्तर मार्केटिंगमध्ये सापडलं, तेही दुकानांशी संबंध नसलेल्या कोपऱ्यात. जोआन पेक आणि सुझान शू यांनी 2009 मध्ये दाखवलं होतं की वस्तूला नुसता हात लागला तरी ती आपली वाटू लागते. ब्रासेल आणि गिप्स यांनी 2014 मध्ये हीच गोष्ट टचस्क्रीनवर तपासली : माउसने निवडलेल्या स्वेटशर्टपेक्षा बोटाने स्पर्श करून निवडलेला जास्त आपला वाटतो. मग अंदाजही असाच आपला वाटतो का? आणि तिसरी बाजू आकृत्यांच्या अभ्यासाची. क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी 1984 मध्येच सांगून ठेवलंय की एका रेषेवरची जागा आणि लांबी आपला डोळा नेमकी जोखतो, क्षेत्रफळ आणि रंगाची छटा वाईट जोखतो. आमच्या टेबलावर काय होतं? क्षेत्रफळ आणि रंग. डोळा जिथे कच्चा, नेमकं तिथेच आम्ही लोकांच्या बोटाला खेळायला दिलं होतं.

म्हणून मी प्रयोगशाळेत गेले. फॅशन आणि नवं अनुदान ही कारणं लावायची तर लावा. अनुदान होतंच, नाही कशाला म्हणू? पण प्रश्न तोच होता. एकाने स्लायडर स्वतः हलवायचा, दुसऱ्याने नुसतं बघायचं, तिसऱ्याला स्थिर चित्रं द्यायची, आणि मग तिघांना तोच अंदाज किती पटतो ते विचारायचं. सांगायला सोपं. करायला गेलं की कळतं की जो हलवतो तो जास्त वेळ बघतोही, मग पटण्याचं कारण बोट की वेळ, हे वेगळं काढताना जीव जातो. भूगोलाचे परीक्षक लिहितात, 'यात भूगोल कुठे आहे?' मार्केटिंगचे लिहितात, 'व्यवस्थापकांनी यातून काय घ्यायचं?' संगणकवाले लिहितात, 'यात नवं तंत्र काय?' तिन्ही प्रश्न योग्य आहेत, आणि तिघांना एकाच लेखात खूश करायला मला अजून जमलेलं नाही. बढतीच्या फाइलवर त्याचा परिणाम व्हायचा तो झाला.

हा माझा खाजगी छंद आहे असंही काहींना वाटतं. त्यांनी 2016 मधला पोकेमॉन गो हा फोनवरचा खेळ आठवावा. तो बनवलेल्या नायँटिक कंपनीचे संस्थापक जॉन हँकी आधी कीहोल या कंपनीत होते, जिच्या सॉफ्टवेअरचं पुढे गूगल अर्थ झालं. फोनमध्ये एक प्राणी दिसावा म्हणून लोक एरवी कधी गेले नसते अशा कोपऱ्यांपर्यंत चालत गेले, आणि जपानमधल्या मॅकडोनाल्ड्सने पैसे मोजून आपली दुकानं त्या खेळातली ठिकाणं करून घेतली. हफच्या सूत्रात दुकानाचं क्षेत्रफळ आहे, प्रवासाचा वेळ आहे. पडद्यावरचा प्राणी कुठल्या खणात घालायचा? मी तिन्ही विभागांत विचारून पाहिलं. तिन्ही जण शेजारच्या दाराकडे बोट दाखवतात.

स्लायडरचा वादही चालूच आहे. कोड लिहिणारा सहकारी तेव्हापासून म्हणतोय की घातांक कुलूपबंद ठेवायला हवा होता. तज्ज्ञाने काढलेला आकडा कुणाच्या बोटाखाली द्यायचाच कशाला? मला ते पटत नाही. कुलूप लावलं असतं तर त्यांना कधी दिसलंच नसतं की सगळा अंदाज या एका आकड्यावर डोलतो, आणि मग मीही वर्तुळ काढणाऱ्यांपेक्षा वेगळी कशी? तो म्हणतो, "दिसलं तर खरं, पण त्यांनी काय केलं?" यावर माझ्याकडे दर वेळी नवं उत्तर असतं, म्हणजे पक्कं एकही नाही.

सध्या आम्ही मधला मार्ग काढलाय. स्लायडर मोकळा आहे, पण सर्वेक्षणाच्या घातांकावर ठळक काळी खूण आहे, आणि बोट तिच्यापासून लांब गेलं की नकाशावरचा रंग फिका पडत जातो. परवा एका गटाला ते टेबल दाखवलं. एका बाईंनी बोट खुणेच्या बरंच डावीकडे नेलं, फिका पडलेला नारिंगी रंग बघितला, काळी खूणही नीट बघितली आणि मला विचारलं, "हे तुमचं सर्वेक्षण जरा जुनं आहे का हो?"