सेक्शनला निघालेले अण्णा

"मॅडम, संध्याकाळचे सहा वाजले की दाराशी जातात आणि कडी वाजवत राहतात. धरून आणलं तर हात उगारतात. उभ्या आयुष्यात आमच्यावर कधी हात उचलला नाही हो त्यांनी." मिरजेच्या त्या घरात मुलगा सांगत होता. अण्णा शेजारच्या खुर्चीत शर्टाचं एकच बटण लावत होते, काढत होते.

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्ट. लोक ओटी म्हणतात. औषधं डॉक्टर देतात. माणसाला आपला दिवस पार पाडता यावा अशी घराची आणि कामांची मांडणी करून देणं हे माझं काम. अल्झायमरमध्ये दिवेलागणीला अस्वस्थता वाढते, हे नेहमीचंच. मेंदूतलं दिवसरात्रीचं गणित बिघडलेलं असतं, थकवा असतो, उजेड उतरला की नजर फसते. त्यात लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता किंवा कुठलं दुखणं असेल तर विचारायलाच नको. अण्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी हे सगळं तपासलं होतं. तसं काही निघालं नव्हतं.

"नोकरी कुठे होती?" मी विचारलं.

"टपाल खात्यात. आरएमएसला सॉर्टर."

"आणि ड्युटी?"

मुलगा थांबला. सांगलीहून आलेली लेक म्हणाली, "रात्रीची. सहाला जेवून निघायचे. रात्रभर गाडीत."

आरएमएस म्हणजे रेल्वेची डाकसेवा. धावत्या गाडीच्या डाकेच्या डब्यात उभं राहून पत्रं गावागावांच्या खणांत टाकायची, बंडलं बांधायची, बॅगा भरायच्या आणि स्टेशन आलं की उतरवायच्या. सेक्शन म्हणायचे त्याला. आई लवकर गेली होती. मुलांजवळ रात्री आत्या झोपायला यायची. अण्णा परतले की स्वयंपाक, वेण्या, शाळा, सगळं तेच बघत. परगावी मुक्काम पडला तर तिथून घरी कार्ड टाकत. लेकीनं ती कार्डं जपून ठेवली होती.

या आजारात पहिला घाव बसतो तो हिप्पोकॅम्पसच्या भागावर, म्हणजे नव्या आठवणी जिथे रुजतात तिथे. म्हणून सकाळचा चहा विसरतो आणि चाळीस वर्षांपूर्वीची ड्युटी राहते. हातात भिनलेलं काम मेंदूच्या वेगळ्या भागांकडे असतं आणि ते बरंच उशिरापर्यंत टिकतं. सहा वाजता दार अडवलेला हा माणूस घरातून पळत नव्हता. त्याची गाडी चुकत होती.

कॉलेजात जाणाऱ्या नातीला मी कोरी पोस्टकार्डं आणायला पाठवलं. तिनं त्यांवर नातेवाइकांचे पत्ते लिहिले, चपलांची रिकामी खोकी टेबलावर ओळीनं मांडली, प्रत्येकावर गावाचं नाव घातलं. सहाच्या सुमाराला अण्णा उठले तेव्हा त्यांना कोणी अडवलं नाही. नात म्हणाली, "आबा, डाक आली."

ते टेबलाशी गेले. बसले नाहीत. कार्डांचा गठ्ठा उचलून त्याच्या कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या. डाव्या तळहातावर गठ्ठा, उजव्या अंगठ्यानं एकेक कार्ड सरकतंय. गावाचं नाव ते वाचतच नव्हते, नजर थेट पिनकोडवर जायची. ४१५११०, कराड. ४१३३०४, पंढरपूर. १९७२ साली पिनकोड आला तेव्हा अण्णा नोकरीत नवे होते. पिन नसलेलं एक कार्ड आलं, तेव्हा जिभेनं च्च केलं आणि तरीही बरोबर विट्याच्या खोक्यात टाकलं. बटण लावताना अडखळणारी हीच बोटं!

लेकीनं त्यात आपल्याकडची काही जुनी कार्डंही मिसळली होती. त्यातलं एक हाताला लागलं. अण्णांचंच अक्षर, पत्ता याच घरचा. मिरजेचं खोकं समोर होतं. अण्णांनी कार्ड त्यात टाकलं नाही. दोनदा उलटसुलट केलं आणि खिशात घातलं.

"ते कुठलं, अण्णा?" लेकीनं विचारलं.

"घरचं आहे. पोरं वाट बघत असतील. हे मीच नेतो."

ही आपली लेक, हे त्यांना त्या क्षणी माहीत नव्हतं. ती मात्र तिथेच उभी राहून रडली. मीही. आमच्या पेशात घरच्यांसमोर रडू नये म्हणतात. मला ते पटत नाही.

मी काही चमत्कार केला नव्हता. आजार त्याच्या चालीनं पुढे जातच राहिला. झोपेचे प्रश्न राहिले, पुढे कार्डं नुसती हातात धरून बसणं उरलं, मग तेही गेलं. पण कडी वाजवणं खूप कमी झालं आणि हात उगारणं तर थांबलंच. घरच्यांना मी एवढंच सांगितलं होतं की "मला ओळखलंत का?" हा प्रश्न घरात कोणी विचारायचा नाही. रोज नापास होणाऱ्या परीक्षेला त्यांनी का बसायचं?

सगळ्यात बदलला तो मुलगा. ऑफिसातून आला की टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहून बंडलं बांधायला लागायचा. अण्णा त्याला सोबतचा सॉर्टर समजत. सुतळी ढिली बांधली तर दाखवून देत, गाडी वेळेवर आहे का विचारत.

गेल्या वर्षी अण्णा गेले. मी घरच्यांना भेटायला गेले तेव्हा मुलगा म्हणाला, "लहानपणी आम्हाला वडील घरी परतलेलेच दिसायचे. कामावर कसे असतील, ते या आजारपणात बघायला मिळालं. फार नेटकं काम होतं हो त्यांचं."