लग्नपत्रिकांपासून मात्रांच्या पेटीपर्यंत : आमची वाटचाल

मिरजेत आमचा छापखाना आहे, सासऱ्यांनी काढलेला. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांची पावतीपुस्तकं, निवडणूक आली की हँडबिलं. मी बरीच वर्षं प्राथमिक शाळेत शिकवायचे. २०२० ला लॉकडाऊन लागला, लग्नं थांबली तशा पत्रिका थांबल्या, शाळाही बंद. पुन्हा शाळा उघडल्या तेव्हा तिसरीतली पोरं 'आई', 'घर' वाचायची पण 'किराणा' आला की गाडी अडायची. मात्रांपाशी मुलं अडतात हे शिक्षकाला नवीन नाही, पण आपल्या घरात मशीन आहे तर यावर नीट काहीतरी छापूया असं तेव्हा आम्ही दोघांनी ठरवलं.

मग मी मेंदू आणि वाचन यावर मिळेल ते वाचत सुटले. पॅरिसचे शास्त्रज्ञ स्तानिस्लास देआन यांचं म्हणणं मला फार पटलं. बोलणं मूल कानावर पडून शिकतं, वाचन तसं येत नाही, कारण लिपी येऊन जेमतेम पाच हजार वर्षं झालीत, तेवढ्यात मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा तयार होणं शक्यच नाही. म्हणून वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या भागातलीच डावीकडची थोडी जागा अक्षरांच्या कामाला लागते आणि ती आवाजाच्या भागांशी जोडली गेली की मूल वाचायला लागतं. आणि हे मोठ्यांनाही होतं बरं का, लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यात बहुतेक बायका, सहा महिने देवनागरी शिकवली आणि मेंदूतला फरक स्कॅनमध्ये दिसला, हा अभ्यास २०१७ चा आहे. माझ्यासाठी हा मोठा धीर होता, आपल्याच लिपीवरचं काम होतं ना ते.

पण बाजारात जे तयार साहित्य मिळतं ते इंग्रजीवर बेतलेलं. तिकडे बी आणि डी ची उलटापालट हा मोठा विषय, आपल्याकडे घ-ध, भ-म आणि मुख्य म्हणजे मात्रा. वाचनाच्या संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेलं काम वाचलं तेव्हा मला आमच्याच वर्गाबद्दल वाचतेय असं वाटलं. इंग्रजीत २६ अक्षरं, आपल्या लिप्यांत व्यंजन, मात्रा, जोडाक्षरं धरून शेकडो आकार, ते पक्के व्हायला चौथी-पाचवी उजाडते. मराठी मुलांचा असाच मोठा अभ्यास पालघर जिल्ह्यात वाड्याला झालाय.

त्यावरून आमची पेटी ठरली, अक्षरं आणि मात्रांच्या कार्डांची पाकिटं असलेली. सुरुवात क म र ल आणि काना, एवढ्यावर मामा, काका, लाल, मका, कमाल असे खरे शब्द होतात, ज्ञ येईपर्यंत थांबायची गरज नाही. घ आणि ध एका पाकिटात कधीच नाहीत, एक पक्का झाला की खूप पुढे दुसरा. आधी नुसता तोंडी खेळ, काजळ मधला 'का' काढला की काय उरलं? जळ! पोरं यात जाम रमतात आणि आवाज सुटे करायची सवय इथेच लागते.

सगळ्यात जास्त डोकं लागलं पहिल्या वेलांटीवर. 'कि' मध्ये वेलांटी दिसते आधी, ऐकू येते नंतर. आम्ही अक्षर ३०० जीएसएमच्या, म्हणजे जाड कार्डावर आणि मात्रा पारदर्शक शीटवर लाल रंगात छापली, मूल आधी 'क' म्हणतं मग शीट वर ठेवतं आणि 'कि' म्हणतं. शीट एक मिलिमीटर सरकली तरी वेलांटी अक्षरात घुसते, त्यामुळे कटिंगला आमचे जुने कारागीरच बसतात, दुसऱ्याच्या हातात मी देत नाही. फॉन्टही असाच निवडून घेतला, पाकळीचा ल आणि देठाचा श, शासनाचा २००९ चा निर्णय आहेच पण कित्येक फॉन्टात हिंदी वळणाचे असतात आणि मुलाला पुस्तकात एक आणि कार्डावर दुसरं दिसलं की घोटाळा.

गोष्टींच्या पुस्तिकेत चित्र शब्दाशेजारी ठेवत नाही, पान उलटल्यावर येतं. चित्र बघून मूल अंदाजाने सांगतं आणि आपल्याला वाटतं वाचलं.

विक्रेते म्हणतात पेटीवर 'ब्रेन पॉवर' लिहा, उजवा मेंदू डावा मेंदू लिहा, दुप्पट खपेल. लिहिणार नाही. मेंदू जागृत करण्याच्या नावाखाली पालकांकडून हजारो रुपये घेतले जातात ते बघून जीव तुटतो. आणि आमच्या पेटीने डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन शिकण्यातली कायमची अडचण, बरा होतो असंही आम्ही कुणाला सांगत नाही, शंका आली तर तपासणीच करून घ्या म्हणतो, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने बनवलेली 'डाली' चाचणी मराठीतही आहे.

कारखाने सुरू झाले की ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांची पोरं इकडच्या शाळांत येतात आणि हंगाम संपला की जातात. त्यांच्यासाठी पेटीची सुटी पाकिटं केली, दप्तरात मावतील अशी, प्रत्येकावर पुढचं पाकीट कुठलं ते छापलेलं, म्हणजे गावाकडच्या बाईंना तिथून पुढे शिकवता येईल. ती आम्ही छपाईच्या खर्चात देतो, लग्नसराईचं काम आता परत आलंय त्यामुळे परवडतं.

सध्या जोडाक्षरांचा संच मशीनवर आहे. सूर्य मधला र बोलताना य च्या आधी पण बसतो य च्या डोक्यावर, हा रफार शीटवर कुठे कापायचा यावर अजून रोज वाद चाललाय.